उभ्या उभ्या

खुर्च्या दुरुस्त करणारा तो माणूस बायको गेल्यापासून एकदाही खुर्चीत बसला नव्हता. जाताना तिनं शब्दच तसा घेतला होता, "अहो, माझ्यामागे बसू नका." तिला म्हणायचं होतं, दारूला बसू नका. त्यानं तिचा हात धरून शपथ घेतली आणि तिच्यामागे ती अगदी शब्दशः पाळली. बसायचं नाही, एवढंच ना? उभ्यानं घेतलेल्या घोटाला कुणी बैठक म्हणत नाही.

तेव्हापासून तो मोठ्या इमानानं उभा होता. वेत विणायचा उभ्यानं, जेवायचा उभ्यानं, कपाटाला टेकून पेला रिचवायचा तोही उभ्यानं. पोटऱ्या भरून आल्या की दुखण्यावर उतारा म्हणून आणखी एक. दुकानातल्या धड खुर्च्या त्यानं भिंतीवर उलट्या टांगल्या, उगाच मोह नको म्हणून. बाटली मात्र हाताशी. तिचा मोह त्याला नव्हताच.

"काका, बसा की जरा," शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा.

"सोडलंय मी. कुणाबरोबर बसलेला बघितलंस का मला?"

"बसलेले नाही, पण झुलताय."

"उभं असलं की झुलायला होतंच. झाड झुलत नाही? ते काय पितं?"

"पितं की. मुळापासून."

त्या सकाळी लेक नात घेऊन येणार होती. आठवड्यात तिला कामावर परतायचं होतं आणि पोरीला दिवसभर त्याच्याकडे ठेवायचा विचार होता. एवढ्याचसाठी तर तो डोळे लावून बसला होता, म्हणजे उभा होता. हात थरथरू नयेत म्हणून त्यानं दोन घोट घेतले. हात थांबले, त्या आनंदात आणखी दोन. मग नातीच्या नावानं एक, कारण तिच्या नावानं न घेणं बरं दिसलं नसतं.

लेकीनं पोर पुढे केली. "घ्या. पण बसून घ्या."

"उभ्यानं घेतो ना."

"बाबा, पाच महिन्यांची आहे ती. बसा."

"मी बसत नाही. विचार तुझ्या आईला."

लेकीनंच भिंतीवरची एक खुर्ची खाली काढली.

त्याच्या डोक्यात भराभर हिशेब सुरू झाले. उकिडवं बसलं तर चालेल का? नुसतं टेकलं तर? अर्धं बूड? तेवढ्यात नातीनं त्याचं नाक मुठीत धरलं आणि ती खुदकन हसली. त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तो बसला.

भिंत डावीकडे गेली. मग परत आली.

उभं असताना झुलण्याचं खापर पायांवर फोडता यायचं. आता खुर्चीचे चारही पाय जमिनीवर घट्ट होते, त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेले. आणि पोर अजून लेकीच्याच हातात होती, त्याच्या मांडीपासून वीतभर वर.

"देऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"मी बसलोय गं. रोजच बसतो. उभ्या उभ्या."

लेकीला आधी हसू आलं. ते पुरतं ओठांवर यायच्या आतच मोडलं. तिनं पोर कडेवर घेतली.

"डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता. चालवेल?"

"न चालवायला काय झालं," तो सवयीनं म्हणाला. मग खुर्चीची कड धरून म्हणाला, "नाही चालवणार. इस्त्रीवाल्याला हाक मार. एका बाजूनं तो धरू दे, एका बाजूनं तू."