वेणू गावी गेली

कारखान्याच्या पासावरची फोटोची चौकट रिकामीच होती — "लावू नंतर" म्हणता म्हणता राहून गेलेली — आणि खाली नाव, वेणू. ठाण्याच्या कामगार न्यायालयाबाहेरच्या बाकावर यशोधरा त्या चौकटीवरून अंगठा फिरवत बसली होती. आठ वर्षं अंबरनाथच्या त्या कारखान्यात औषधाची पाकिटं भरली, पण स्वतःच्या नावावर पहिले सात महिने तेवढे. सलग दिवस भरले तर कायम करावं लागतं, म्हणून ठेकेदार दर थोड्या महिन्यांनी नाव बदलायचा — शीला, मग गोदू, अशी कितीतरी, शेवटी वेणू... आणि वेणू बदलायची विसरला. तीन वर्षं! केस उभी होती ती त्याच्या त्या विसरण्यावर. वेणू म्हणजे मीच, एवढं जज्जसाहेबांना पटलं की गेलेली नोकरी परत.

आणि आज सकाळी वकीलबाई शलाकानं वाचून दाखवलं — सुपरवायझर बाळाजीनं शपथेवर लिहून दिलंय, वेणू दुसरीच बाई, ती गावी गेली, हिचा तिचा संबंध नाही. अरे मेल्या, माझ्या डब्यातली सुकट बोटं चाटून खाल्लीस की रे तू!

पण नाव बदललं तेव्हा आपण हसलो होतो... हेच आता डाचत होतं. अण्णांनी बौद्ध झाल्यावर लेकीसाठी मनाशी जपून ठेवलेलं नाव. बदलापूरच्या शाळेत मास्तर 'यशे' म्हणाले, तर अण्णा कामावर खाडा करून शाळेत गेले — "गुरुजी, पोरीचं नाव पुरं घ्या." आणि मी ते दिलं कशासाठी, तर पॅकिंगच्या टेबलासाठी.

"वेणू, पाणी हाय का गं?"

तिनं पिशवीतून बाटली काढून पुढं केली. बाळाजी गटागटा प्यायला, तोंड पुसलं — आणि थबकला. चेहरा पांढराफटक. बाटली बाकावर ठेवून तो जिन्याकडे गेला. ऐकलं कुणी? कुणीच नाही, शलाका आत होती. पण तिला त्याचा रागसुद्धा येईना. ती आपल्याच हाताकडे बघत होती. त्यानं हाक मारली आणि हा हात आपसूक पिशवीत गेला... कसा गेला?

"यशोधरा जयदेव साळवेऽऽ, हाजिर!" शिपाई दारातून ओरडला. मग दुसऱ्यांदा.

तिसऱ्या हाकेला कुणी उठलं नाही तर केस निकालात, हे मला पक्कं ठाऊक होतं — आणि तरी मी, ही यशोधरा कोण बाई, उठत का नाही, म्हणून मागं वळून बघत होते.