पेटन्सीचा दुसरा अर्थ

दत्तारामने खडू खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरून फळा वाचला. ‘पेटन्सी : ढळढळीतपणा. त्याच्या लबाडीची पेटन्सी कुणाला पटवून द्यावी लागली नाही.’

“पेटन्सी? कोण पेटलं, नाना?” जिना उतरता उतरता गुणाजीने विचारलं.

दत्ताराम कसनुसं हसला. जोगेश्वरीच्या त्या सोसायटीतला फळा पाण्याच्या वेळा लिहायला होता. गिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दत्ताराम फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द लिही. चारचौघांत त्याला बोलायला जमत नसे. फळ्यापुढे कुणी थांबलं की त्याचा दिवस बरा जाई.

संध्याकाळी तो भाजी घेऊन परतला, तर फळ्यापुढे घोळका. त्याच्या शब्दाखाली वळणदार अक्षरात कुणी लिहिलं होतं : ‘आणखी एक अर्थ : नळी मोकळी असणे.’

“जयवंतने भर घातली,” गुणाजी म्हणाला. “हा अर्थ कळला बुवा. तुमचा डोक्यावरून गेला.”

सगळे हसले. गेल्याच दिवाळीत, शहाऐंशी साली, राहायला आलेला जयवंत एवढ्यात सगळ्यांचा झाला होता. त्यात अक्षरही चांगलं. तेच दत्तारामला जास्त लागलं.

घरी जाऊन त्याने शब्दकोश उघडला. अर्थ होता. आपल्यालाच दिसला नव्हता. इतकं वाचून आपल्याला येतं तरी काय? त्याने ओलं फडकं घेतलं आणि तो खाली आला.

घोळका पांगला होता. बाकावर जयवंत बायकोचं, नलिनीचं, मनगट धरून बसला होता.

“काही चुकलं का, नाना?”

“नाही... हा अर्थ कुठल्या कोशात मिळाला?”

“कोशात कुठला! डॉक्टर लिहितात ना हिच्या कागदावर. हिच्या किडन्या गेल्यात. डायलिसिससाठी हातातल्या दोन शिरा जोडल्यात. वाट मोकळी पाहिजे. बंद पडली की वाट लागली.”

“सकाळ-संध्याकाळ यांचा हाच चाळा,” नलिनी म्हणाली. “बघा बोट लावून. मांजर गुरगुरल्यासारखं लागेल. तसं लागलं की वाट मोकळी.”

दत्तारामने भीत भीत बोट टेकवलं. कातडीखाली अखंड थरथर होती. त्याने बोट काढून घेतलं. फडकं तसंच हातात धरून तो जिना चढला.

घरात बायको, सुगंधा, कणीक मळत होती.

“हात दे.”

“अहो, पिठाचा आहे.”

“दे गं.”

त्याने तिच्या मनगटावर बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. लागत होती ती नुसती नाडी.

“झालं का? चपात्या करायच्यात.”

“थांब जरा,” तो म्हणाला.