स्वल्पविरामांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पाच-पाच रेघा छापलेली, स्वर लिहायची वही. माझं रूप बघून कुणाला माया वाटेल असं नाही. पुठ्ठा तेलकट झालाय, कोपरे चघळल्यासारखे दिसतात आणि मला शिळ्या लाळेचा वास येतो. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. वाजवून झालं की ती चिंब भिजते. माझा मालक ती वाळायला खुशाल माझ्या पानांत ठेवून द्यायचा. किळस म्हणजे काय, हे मी तेव्हाच शिकले.

मालक हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. त्याचं वेड होतं जॅझ-फंकचं. या संगीतात ड्रम आणि बास गिटार मिळून असा ठेका धरतात की बसलेल्या माणसाचा गुडघा आपोआप हलतो. सॅक्सोफोनने त्या ठेक्याशी गप्पा मारायच्या असतात. दोन शब्द बोलायचे, थांबायचं, एखादा स्वर मुद्दाम उशिरा टाकायचा, एखादा अर्धा गिळायचा.

हे बोलणं शिकायला तो कॅसेटवरचे जुन्या वादकांचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे, ऐकून माझ्यात उतरवायचा. एक ओळ ऐकायची, कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. एका ओळीला कधी कधी अख्खी दुपार जायची. गिळलेला स्वर तो कंसात लिहायचा, ओढलेल्या स्वराला शेपूट काढायचा. आणि स्वतः वाजवताना जिथे श्वास घ्यावा लागेल तिथे वर एक स्वल्पविराम द्यायचा. स्वर दुसऱ्याचे, स्वल्पविराम त्याचे.

त्याच्याकडे विद्यार्थी यायचे. त्यातला एक सगळ्यात हुशार होता आणि मला सगळ्यात नकोसा. माझं प्रत्येक पान त्याने दुकानात नेऊन छापून घेतलं, म्हणून त्याचं नाव झेरॉक्स पडलं. काचेवर उपडी पडून मी तो उजेड किती वेळा सोसला असेल! तो स्वर अचूक वाजवायचा, पण सगळे एकाच मापाचे.

"सगळं बरोबर आहे रे," मालक म्हणायचा. "पण तू बोलत नाहीयेस. पत्ता सांगतोयस."

"सर, तुम्ही लिहिलंय तसंच वाजवलं."

"म्हणूनच ओकारी येते."

मला हसू यायचं. तेवढ्यापुरता मी त्या रीडचा वासही माफ करायचे.

मग मालकाच्या छातीने दगा दिला. हॉटेल सुटलं, पण त्याने मला सोडलं नाही. शेवटच्या वर्षात त्याने एकच सोलो उतरवला, माझ्या शेवटच्या चार पानांवर. पूर्वी एका ओळीत एखादा स्वल्पविराम असायचा. इथे दर तीन-चार स्वरांनंतर होता. काही ठिकाणी दोन स्वरांनंतर. पेन्सिल इतकी दाबलेली की पानाच्या मागच्या बाजूला फोड उठले. महिन्याभराने तो गेला.

झेरॉक्सने ती पानंही छापून घेतली आणि आपल्या क्लासात लावली. मला मूळ प्रत म्हणून स्टँडवर मिरवायला नेलं होतं. आठ विद्यार्थी गोल बसले होते.

"बघा," तो म्हणाला, "हे सरांचं शेवटचं फ्रेझिंग, स्वरांची वाक्यं पाडायची रीत. वाक्य तोडायचं. मधेच श्वास, मधेच श्वास. सोपं नाही हे."

आणि मित्रांनो, आठही जण एकदम धापा टाकायला लागले. तीन स्वर, धाप. दोन स्वर, धाप. एकीने तर खांदेही उडवले, धाप लागली की मालक उडवायचा तसेच. चांगल्या धडधाकट छात्या, आणि आवाज दवाखान्यातल्या खोलीचा. मला ओली रीड परवडली असती. मला शिसारी आली, आणि सगळ्यात जास्त माझीच आली, कारण ते सगळं माझ्यातच लिहिलेलं होतं.

मालकाला एक मुलगी. ती दुसऱ्या शहरात नकाशे ट्रेस करायचं काम करते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि एक रेघ इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. लहानपणी बापाकडे ती सॅक्सोफोन शिकली होती. बँडमधले ड्रमवाले काका तिला म्हणाले, "शनिवारी आम्ही त्याच्यासाठी वाजवतोय. त्याची जागा रिकामी ठेवून वाजवायचं माझ्या जिवावर येतंय. तू ये. एकच सोलो वाजव."

ती आली, झेरॉक्सकडून मला मागून घेतलं आणि शेवटची चार पानं उघडून बसली. चार दिवस सकाळ-दुपार वाजवत होती. एकेक स्वल्पविराम पाळत होती. बाप जसा वाजवायचा तसा सोलो एकदा तरी तिला वाजवायचा होता, दुसरं काही नको होतं. बिचारी नकाशा ट्रेस करत होती. मला तिच्या तोंडावर मिटून घ्यावंसं वाटत होतं, पण वहीला ते जमत नाही.

चौथ्या दुपारी तिची आई बटाटे सोलता सोलता उठून आली. हातात सुरी तशीच.

"ते बंद कर."

"चुकतंय का गं?"

"चुकत नाहीये. म्हणूनच बंद कर. मी वर्षभर हेच ऐकलंय. जिना चढताना, मोजे घालताना."

"आई, हे बाबांचं फ्रेझिंग आहे."

"कसलं फ्रेझिंग? धाप आहे ती त्याची."

मुलीने सॅक्सोफोन मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "फोनवर पण असेच बोलायचे. दोन शब्द, मग गप्प. मला वाटायचं, बाबांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे."

"तुला कळू नये म्हणून मधे फोन बाजूला धरायचा," आई म्हणाली आणि बटाट्यांकडे गेली.

 मुलीने बॅगेतून पारदर्शक कागद काढला, माझ्या पानावर ठेवला, चिमट्याने लावला. पहिली ओळ वाजवायला घेतली आणि एका दमात जमेल तितकी नेली. दम संपला तो भलत्याच ठिकाणी, एका ओढलेल्या स्वराच्या मधोमध. सोलो तिथेच आडवा झाला. तिने कागदावर तिथे स्वल्पविराम दिला. पुन्हा वाजवलं, तो खोडला, दोन स्वर अलीकडे घेतला.

"आता कुठे थांबलीस?" आतून आईने विचारलं.

"माझा दम संपतो तिथे."

"मग हरकत नाही. चालू दे."

शनिवारी ती मला स्टँडवर ठेवून वाजवायला उभी राहिली. दोनदा अडखळली. पण ड्रमवाले काका तिच्या थांबण्यात एक थाप टाकत होते, आणि पुढे पुढे ती त्या थापेची वाट बघायला लागली. गप्पा जमल्या.

संपल्यावर झेरॉक्स आला. "छान. पण सरांचे स्वल्पविराम गाळलेस तू."

"त्यांना धाप लागायची, दादा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याने कागद उचलून खालचं पान पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी आठ जणांना शिकवलंय हे."

"मग आठ जणांना सांगा."

तो मान खाली घालून गेला. मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी लिहून ठेवलेली वही असेल. ती जपा, दमट जागी ठेवू नका. तिच्यातून स्वर घ्या, शब्द घ्या, रीत घ्या. पण ज्याने लिहिली त्याला काय दुखत होतं, हे घरच्यांना विचारून घ्या. तो जिवंत असेल, तर त्यालाच विचारा. आणि त्याने दोन शब्द बोलून फोन बाजूला धरला, तर फोन ठेवू नका, थांबा.