गाई किती, हे विचारायचं नसतं

अर्ज तीन पानी होता. लेलंड व्हाव्राने पहिले तीन प्रश्न मुकाट्याने वाचले आणि चौथ्याला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गाई किती?" तो म्हणाला. "कॉलेजला माझ्या गाई मोजून काय करायचंय?"

"शिकवायचंय," कोरिन म्हणाली. ती त्याची धाकटी, एकोणीस वर्षांची. "रँच व्यवस्थापनाच्या वर्गात प्रत्येकाला आपल्याच रँचचा अभ्यास करावा लागतो, बाबा. गाई, एकर, चारा, सगळं. म्हणून मालकाची सही लागते."

"आणि नंतर हे कागद कुणाच्या कपाटात जाणार?"

"माझ्या."

"असं ते म्हणतात."

नेब्रास्कातल्या त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये माणसाला काहीही विचारावं. गुडघा कसा आहे, मुलगा चर्चला का येत नाही, दुसरं लग्न का मोडलं. पण गाई किती, हे विचारायचं नसतं. ते म्हणजे समोरच्याचं बँकेचं पासबुक मागण्यासारखं. लेलंडच्या वडिलांनी तो आकडा मुलाला सांगितला तो इस्पितळातल्या खाटेवर, आणि तेव्हाही नर्स बाहेर जाईपर्यंत ते थांबले होते.

"शिवाय व्यवस्थापन कुणाच्या रँचचं?" लेलंड म्हणाला. "ही तर तुझ्या भावाची, ड्वाइटची."

"ड्वाइट अकरा वर्षं ओमाहात लिफ्ट दुरुस्त करतोय."

"येईल तो."

"बरं." कोरिनने अर्जाची घडी घातली नाही, तसाच टेबलावर ठेवला. "शुक्रवारी कळवायचंय. सही नसेल तर मी लिंकनला विम्याचा अभ्यासक्रम घेते. तिथे गाई विचारत नाहीत. नोकरीही शहरातच मिळते."

ती गेली. लेलंडच्या मनात मात्र किडा वळवळायला लागला. पोरीच्या तोंडून आजवर कधी 'एकर' हा शब्द ऐकला नव्हता. मग आत्ताच कसा आला?

एकदा संशय घ्यायचा ठरवलं की पुराव्यांना तोटा नसतो. मंगळवारी त्याची बायको आर्डिथ स्वयंपाकघरातला वजनकाटा शोधत होती. तो सापडला कोरिनच्या खोलीत. ओव्हन उघडला तर आतून करपट गवताचा वास आला.

"हे काय शिजतंय?"

"मला काय माहीत," आर्डिथ म्हणाली. "तुझ्यासारखीच आहे ती. विचारलं की गप्प."

कोरिनच्या गाडीत मागच्या सीटवर कागदी पिशव्या होत्या, प्रत्येकीवर एक आकडा आणि तारीख. लेलंडने एक उघडली. मूठभर गवत. जमिनीची प्रत ठरवायला कुणाला तरी नमुने पाठवत असावी का ही?

आणि बुधवारी पश्चिमेच्या कुरणात त्याला खुंट्या दिसल्या.

गुडघाभर गवतात, सरळ रेषेत रोवलेल्या लाकडी खुंट्या, प्रत्येकीला नारिंगी फीत. दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडची रँच बाहेरच्या एका धनाढ्याने घेतली, तेव्हा आधी अशाच खुंट्या आल्या होत्या, मग मोजणीदार, आणि मग कुलूप लावलेलं फाटक. म्हणजे अर्ज, गवत, एकर, सगळ्याचा अर्थ हा होता तर! घरातूनच कुणीतरी जमीन घेणाऱ्यांना आत घेतलं होतं, आणि ते कुणी, हे त्याला आता वेगळं शोधायचं नव्हतं.

त्याने एकेक खुंटी उपटली आणि ट्रकमध्ये फेकली. तसाच तो चार मैलांवर वर्ना हर्बेककडे गेला. शहात्तर वर्षांची ही विधवा एकटीने रँच चालवायची. लेलंडचा एरवी कुणावर विश्वास नसे. तिच्यावर थोडा होता.

वर्नाबाईंनी ट्रकमध्ये डोकावलं. हाताला कोलाचेचं, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचं, पीठ लागलेलं होतं.

"चाळीस आहेत का?" त्यांनी विचारलं.

लेलंड चमकला. "तुम्हाला कसं ठाऊक? म्हणजे ते तुमच्याकडेही आलेत?"

"ते कोण?"

"जमीन घेणारे!"

वर्नाबाई आधी पाहत राहिल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "अरे गाढवा, ती फीत माझी आहे! आमचे हे शिकारीला जाताना वाट चुकू नये म्हणून बांधायचे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या पोरीने अख्खं रीळ मागून नेलं."

"कशाला?"

"गवत मोजायला. दर वर्षी त्याच चाळीस जागी तारेचं कडं ठेवते, आतलं गवत कापते, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवते आणि तोलते. तुझं पश्चिमेचं कुरण किती गाई पेलेल, ते काढतेय. माझंही काढून दिलं तिने. आजवर खुंट्या गवतात बुडालेल्या असायच्या, यंदा फिती नव्याने बांधल्या म्हणून तुला दिसल्या. आता जागाच हरवल्या तर पुढच्या वर्षीचं वजन ताडून बघणार कशाशी?"

लेलंडने ट्रककडे पाहिलं. खुंट्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या, फिती एकमेकींत गुंतलेल्या.

"मग चोरून कशाला करायचं?" तो पुटपुटला.

"चोरून? वासरांना मालकीचा डाग द्यायच्या दिवशी, तीस माणसांसमोर ती म्हणाली होती की पश्चिमेचं गवत पातळ होतंय. तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?"

आठवत होतं. 'गवताचं आम्ही गाईंना विचारू, तू लशीची सुई सांभाळ.' सगळे हसले होते. त्याच दिवशी त्याने वासरं पकडायचा दोर शेजाऱ्याच्या जावयाला दिला होता, आणि त्या जावयाचे तीन फास हुकले होते. कोरिनचा हुकला नसता, हेही त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

"माझ्याकडे दोनशे बारा आहेत," वर्नाबाई म्हणाल्या.

"काय?"

"गाई. दोनशे बारा."

लेलंडने नकळत मागे वळून पाहिलं.

"बघ, आभाळ पडलं का?" वर्नाबाईंचा आवाज बदलला. "हे गेले तेव्हा मला आकडा ठाऊक नव्हता. सदतीस वर्षांचा संसार, लेलंड! दफनाच्या दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून मोजायला निघाले. दोनदा मोजल्या, दोनदा वेगळा आकडा आला. विचारणार कुणाला? परक्यांपासून लपवायचं म्हणून आपण घरच्यांपासून लपवतो, आणि वर तक्रार करतो की मुलं लक्ष घालत नाहीत. ड्वाइटने कधी गवताचं विचारलं तुला?"

"नाही."

"आणि जी विचारते, तिला तू चोर ठरवलंस!"

त्यांनी पुढे केलेला कोलाचे लेलंडने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुरणात होता.

वाळूत खुंटीचं भोक फार काळ टिकत नाही, वारा भरून टाकतो. पण लेलंडला माग काढता येत होता. त्याने आपल्याच ट्रकच्या चाकांच्या खुणा धरल्या. जिथे ट्रक थांबला होता तिथे तो उतरे, आपल्या बुटांचे ठसे शोधी, गुडघ्यावर बसून बोटांनी वाळू चाचपी. एकतिसाव्या खुंटीवर हातोडा मारत असताना मागे घोडा फुरफुरला.

कोरिन खाली उतरली. खुंटीकडे, ट्रककडे, बापाच्या गुडघ्यांना लागलेल्या वाळूकडे तिने पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही उपटल्या?"

"मला वाटलं, जमीन घेणारे..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "मला वाटलं, तू."

मग वाकून तिने खुंटी हलवून बघितली.

"किती सापडल्या जागा?"

"एकतीस. नऊंचा माग लागत नाही. अंदाजाने ठोकू का?"

"नको!" ती एकदम म्हणाली. "अंदाजाने नाही. नऊ हरवल्या तर नऊ हरवल्या असंच लिहायचं."

लेलंडने मान वर केली. खोटं बोलायचं असतं तर हिने आत्ता हो म्हटलं असतं!

त्याने खिशातून अर्ज काढला. चौथ्या प्रश्नाची चौकट अजून रिकामी होती. चहूकडे मैलभर माणूस नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला.

"लिही. तीनशे अठरा."

"सतरा," कोरिन म्हणाली.

"काय?"

"तीनशे सतरा, बाबा. जुलैत पवनचक्कीपाशी वीज पडली, त्यात कान फाटलेली म्हातारी गेली. तुम्ही तेव्हा लिलावाला गेला होतात. आईने सांगितलं होतं तुम्हाला, पण तुम्ही आकड्यातून ती काढली नाहीत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग सोमवारीच का नाही लिहिलंस?"

"आकडा तुमचा होता. तुम्ही सांगायला हवा होता."

लेलंडने घोड्याच्या खोगिरावर अर्ज टेकवून सही केली. मग पेन तिच्याकडे देत म्हणाला, "हे पश्चिमेचं कुरण... तुझं गवत काय म्हणतंय? किती पेलेल?"

"आहेत त्याहून साठ कमी."

"साठ!" तो ओरडला. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "चाळीस म्हणूया."

"वजन दाखवते. मग बोला."

ते बोलत राहिले ते दुपारच्या जेवणापर्यंत. शुक्रवारी अर्ज गेला.

मित्रहो, टेकड्या परक्या असल्या तरी ही रिकामी ठेवलेली चौकट आपल्याही घरात आहे. कुणाकडे ती शेताची असते, कुणाकडे दुकानाची, कुणाकडे फक्त कपाटाच्या किल्लीची. मुलगी कोणतं शिक्षण निवडते याची चौकशी आपण खूप करतो, पण ते शिकून आलेल्या मुलीला घरात जागा आहे की नाही, हे तिला सांगत नाही. ते आधी सांगा. आणि जी आपल्या जमिनीवर वाकून काही मोजते आहे, तिच्यावर नजर ठेवण्यापूर्वी एकदा तिच्याजवळ जा आणि विचारा, किती भरलं.