तिसऱ्या दिवसाची बैठक

चाळीस माणसांना दहा दिवस गप्प बसवणं हे माझं काम. आधी बावीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलं, आता मोठ्यांना बसवते. फरक एवढाच की मोठी माणसं ऐकतात. इतकी ऐकतात की त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्या केंद्रात मन शांत कसं ठेवायचं ते शिकवतात. दहा दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहायची, सभागृहाच्या दाराशी पेटी आहे तिच्यात टाकायची. मी समुपदेशक. मी चिठ्ठीखाली उत्तर लिहून ती फळ्यावर लावते, ज्याची त्याने वाचून घ्यायची. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. नाव आलं की माणूस शहाणा दिसायला बघतो, खरं लिहीत नाही. ही कल्पना माझीच, आणि मला तिचा कोण अभिमान होता! जळ्ळा मेला तो अभिमान.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते पाच लांब बैठक असते. पाचची घंटा होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत की उठायचं नाही. मी सकाळीच बजावते, "मी स्वतः येऊन हाक मारली तरी उघडायचे नाहीत." आणि मग खरंच जाऊन हाका मारते. तुमचा फोन आलाय म्हणते, आग लागली म्हणते. गंमत म्हणून नाही हं करत! घरी गेल्यावर जग काय शांत बसू देणार आहे कुणाला? त्याची ही तालीम. मागच्या वर्गात मी "साप, साप!" म्हणून किंचाळले होते, तरी एकाची पापणी हलली नव्हती. आठवडाभर मी फुशारून फिरत होते.

त्या दिवशी सकाळच्या चिठ्ठ्यांत एक अशी होती. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. काय करू?" तिसऱ्या दिवशी असं पुष्कळांना वाटतं. कुणाला रडू फुटतं, कुणाचा घसा दाटतो. मी नेहमीचं उत्तर लिहिलं, "जुनं साठलेलं दुःख वर येतंय. उठू नका. बघत राहा." फळ्यावर लावलं, जेवले आणि जरा आडवी झाले. अडीचला उठून दुपारची पेटी उघडली. वरचीच चिठ्ठी त्याच अक्षरातली.

"उत्तर वाचलं. उठणार नाही. आता डावा हात जड झालाय, घाम फुटलाय. तेही बघत राहतो."

ही चिठ्ठी दोनच्या आत टाकलेली. म्हणजे हा माणूस अर्धा तास तसाच आत बसलाय, आणि मी बसवलाय.

कारकून बाईंना ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली आणि मी सभागृहात घुसले. चाळीस माणसं, चाळीस मिटलेले चेहरे. "डोळे उघडा! छातीत दुखतंय अशी चिठ्ठी कुणी लिहिली?"

कुणी हललं नाही.

"अहो, ही परीक्षा नाही! खरंच सांगतेय!"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परीक्षेतही मी हेच म्हणते. "खरंच सांगतेय" हे तर दर वेळी म्हणते.

घंटा वाजवावी म्हटलं तर ती घड्याळाला जोडलेली. मागे एकदा मी दया येऊन वीस मिनिटं आधी वाजवली होती, म्हणून केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिचं बटणच काढून टाकलं. आणि बाई परगावी.

"बघत राहतो" म्हणजे पुरुष, एवढं कळत होतं. असे सतरा. मी त्यांच्या रांगेत शिरले आणि एकेकाचा हात धरून बघू लागले. पोस्टातून निवृत्त झालेले काका गालात हसले. एका शिंप्याने मानेनेच "नाही, फसणार नाही" म्हटलं. मला इतका संताप आला! त्याच्यावर नाही, माझ्यावर. काय बाई कमाई केली होती मी, सतरातल्या एकालाही माझा शब्द खरा वाटत नव्हता.

अकरावा हात गार लागला. गार आणि चिंब.

शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते ते, आमच्याकडे चौथ्यांदा आलेले. पन्नाशीचे, अंगाने दणकट. स्वयंपाकघरातल्या बायका त्यांना खांब म्हणायच्या, कारण एकदा बसले की हलायचे नाहीत. आदल्या दिवशीच मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, बसावं तर यांच्यासारखं. आता त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ राखेसारखे झाले होते, आणि पाठीचा कणा मात्र ताठ.

"दादा, उठा. डोळे उघडा."

नाही.

"अहो, हार्ट अटॅक आहे हा! जीव जाईल तुमचा!"

ओठांचा कोपरा जरासा हलला. हसले ते. एवढ्या यातनेत तो माणूस माझी फजिती करत होता, पास होत होता. मी खांदे धरून गदागदा हलवणार होते, पण हात लावायची भीती वाटली. बाहेर रुग्णवाहिकेचा पत्ता नाही. उचलावं तर आम्हा दोघी-तिघींना झेपणारे नाहीत, आणि ते स्वतः अंग आवळून बसलेले. श्वास तुटक तुटक येत होता. मी मोजत होते, पुढचा येतोय की नाही.

मग मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"दादा, तुमची चिठ्ठी मी नीट वाचलीच नाही. सगळ्यांना लिहिते तेच तुम्हाला लिहिलं. दुःख वर येतंय म्हणे! मला काय कळतंय तुमच्या छातीतलं? मी चुकले हो. मला फार भीती वाटतेय. मला एकटीला नाही हे निभावत, मला मदत करा."

नाक गळत होतं, आवाज फाटला होता. असलं काही मी कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. परीक्षेतही नाही.

त्यांनी डोळे उघडले.

"चुकलात?" अगदी बारीक आवाज.

"हो."

"म्हणजे मी नापास नाही ना?"

मी नाही म्हटलं आणि त्यांना धरून आडवं केलं. रुग्णवाहिकेची माणसं आली, स्ट्रेचर आलं, बूट वाजले, ऑक्सिजनची नळी लागली. इतरांपैकी एकानेही डोळा उघडला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, आता काही सांगता येत नाही. मी बाकावर बसून राहिले. साडेचारला त्यांची बायको आली. लाँड्रीत इस्त्री करते, कामावरून तशीच धावत आली होती. बोटांवर जुने चटके. तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच का त्या ताई? फार बोलायचे तुमच्याबद्दल. आधी साधी शिंक आली तरी घर डोक्यावर घ्यायचे. तुमच्याकडे यायला लागल्यापासून कशाची तक्रार नाही. केवढी सहनशक्ती आली त्यांच्यात!"

गप्प बसता आलं असतं. माझ्याइतकं गप्प बसणं कुणाला येतं?

"त्यांनी सकाळीच विचारलं होतं," मी म्हटलं. "छातीत दुखतंय, काय करू म्हणून. मी लिहिलं, उठू नका."

तिने हात सोडले. मला वाटलं आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आणि बाकीची माणसं?" तिने विचारलं.

"बसलीत. पाचपर्यंत. त्यांना अजून परीक्षाच वाटतेय."

"असं आणखी कुणी लिहिलं होतं? दुखतंय म्हणून?"

मला आठवावं लागलं नाही. "आज सकाळीच, तिघांनी."

"त्यांनाही तेच सांगितलंत?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मग इथे काय करताय?" ती किंचाळली. "अहो, जा ना!"