चार वाजताची घट

ताहरने दाबाच्या सेन्सरची केबल तिसऱ्यांदा कापली, टोकावरची साल सोलली आणि आतली तांब्याची जाळी पिळून अर्थिंगच्या पट्टीखाली घट्ट आवळली. दुसरं टोक त्याने मुद्दाम मोकळं सोडलं. भिंतीवरून शेजारी शेजारी गेलेल्या दोन केबल हातभर अंतरावर वेगळ्या केल्या आणि तो लॅपटॉपसमोर जाऊन बसला.

पडद्यावर दाबाची रेघ सरळ चालली होती. चार वाजून दहा मिनिटं झाली आणि ती खाली वाकली. दहा मिनिटं तशीच राहिली, मग सावकाश जागेवर आली. काल आणि परवाही असंच झालं होतं.

वाळवंटाच्या कडेला वसलेल्या केबिली गावाच्या दक्षिणेला, खजुरांची शेवटची रांगही संपते तिथे ही खोल विहीर होती. कढत पाणी वर यायचं, निवायचं आणि मळ्यांना आणि टोमॅटोच्या प्लास्टिकच्या घरांना जायचं. गाबेस शहरातल्या पाण्याच्या ऑफिसने जुने काट्यांचे मीटर बदलायचं ठरवलं आणि ताहरला पाठवलं. दाब आणि उष्णता सांगणारे सेन्सर ॲनालॉग होते. त्यांचं मोजमाप श्वासासारखं सतत वरखाली होत राहायचं. पाणी मोजणारा फ्लोमीटर आणि टाकीतला तरंगता खटका डिजिटल; त्यांना ठोका किंवा शांतता एवढंच ठाऊक. या दोन्ही जातींना एकाच बोर्डावर आणायचं होतं. त्या बोर्डाच्या आतली जोडणी तारांची नव्हती, प्रोग्रामची होती, आणि ती ताहरने स्वतः लिहिली होती. एका केबलमधले ठोके शेजारच्या केबलमध्ये झिरपतात आणि मोजमाप नासवतात, हे तो पंचवीस वर्षं बघत आला होता. म्हणून तीन दिवस तो केबलच्याच मागे लागला होता.

"अजून तिथेच?" मदाम वहीदाने फोनवर विचारलं. ती त्याची वरिष्ठ. "दोन दिवसांचं काम होतं ना?"

"दाब पडतोय. रोज चार वाजून दहा मिनिटांनी."

"रोज त्याच वेळेला? मग तुझी केबल घड्याळ बघून बिघडते वाटतं."

ताहरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गळती असेल तर गळती लिही, चोरी असेल तर चोरी लिही. आणि हो, राखणदाराची खोली बघून ये. तो वारल्यापासून ती कागदावर रिकामी आहे. तशीच असली म्हणजे झालं. तुला घरी जायचं नाही का रे?"

"जाईन की," तो म्हणाला आणि हातातला पेचकस उगाच रुमालाने पुसत बसला.

फोन ठेवल्यावर त्याने आत्तापर्यंत न केलेली गोष्ट केली. दाबाच्या रेघेखाली त्याने फ्लोमीटरचे ठोके मांडले. रेघ वाकली त्याच क्षणी ठोकेही विरळ झाले होते. दोन वेगळ्या जातींचे साक्षीदार, वेगळ्या केबलवरचे, आणि दोघं एकच सांगत होते. केबल निर्दोष होती. पाणी खरोखरच मीटरपर्यंत पोचायच्या आधी कुठेतरी जात होतं.

दुसऱ्या दिवशी चारला तो पाइपाच्या कडेकडेने चालत निघाला. पंपहाउसला वळसा घालून मागे गेला, तर राखणदाराच्या खोलीपाशी निचऱ्याचा नळ पूर्ण उघडा होता. कढत पाणी वाफाळत वाळूत शिरत होतं. नळाजवळ, चपला बाजूला काढून, एक म्हातारी बसली होती. नळाखाली ना बादली होती, ना घागर.

ती दचकली नाही. फक्त ओढणी कपाळावर पुढे घेतली.

"घर खाली करायला सांगायला आलास?" तिने विचारलं.

"नाही मावशी. मी मीटर बसवायला आलोय."

"चार दिवस आवाज येतोय तुझा. मी म्हटलं, जाईल आपोआप." तिने नळ बंद केला. "मी मब्रूका. अम्मारची बायको. एकतीस वर्षं त्याने ही विहीर राखली."

"हे पाणी कशाला सोडता? आंघोळीला?"

"आंघोळीचं घरात तापवते मी. हे फार खारट. केस चिकट होतात."

ताहर तिथेच उकिडवा बसला. तिने ओल्या वाळूवरून पाय बाजूला घेतले.

"तो होता तेव्हा," ती म्हणाली, "पाणी जरा कमी झालं की ऑफिसातून फोन यायचा. घास तोंडात असला तरी यायचा. मी इतकी वैतागायची, एकदा तर फोनवर उशीच टाकली होती. मग तो गेला. दोन वर्षं झाली. फोन चालू आहे, मी रोज उचलून बघते, घूं करतो. एक दिवस मनात आलं, पाणी कमी झालं तर ते विचारतील. म्हणून सोडते थोडं. चारला तो मीटर बघून ऑफिसला कळवायचा ना, त्या वेळेला."

"कोणी विचारलं?"

"तूच पहिला."

जुन्या मीटरचा काटा दोन वर्षं रोज खाली येत होता आणि तो बघायला कोणी नव्हतं. ताहरला हे सांगावंसं वाटेना.

"मग एवढे दिवस मी इथे आहे, तरी दार का नाही उघडलंत?"

"माणूस येतो तो खोली खाली कर म्हणायला येतो," मब्रूका म्हणाली. "फोन बिचारा तेवढंच विचारतो, पाणी किती आहे."

तिने त्याला चहा दिला, भट्टीतली रोटी आणि तेलात कालवलेली हरिसा, लाल मिरचीची चटणी, दिली. तो निघाला तेव्हा तिने काहीच विचारलं नाही. तो मात्र दाराशी थांबला आणि भिंतीवर खडूने लिहिलेला फोनचा नंबर वहीत उतरवून घेतला.

अहवालात त्याने गळती लिहिली नाही, चोरीही नाही. त्याने लिहिलं, पाण्यातला क्षार सेन्सरच्या तोंडाशी साचतो, सबब रोज चारच्या सुमारास दहा मिनिटं निचऱ्याचा नळ सोडावा. हे काम राखणदाराच्या खोलीत राहणाऱ्या मब्रूकाबाई करतील. क्षार खरंच साचायचा. आठवड्यातून एकदा नळ सोडला असता तरी पुरलं असतं.

"रोज?" मदाम वहीदाने कागदावरून मान वर केली.

"रोज."

"आणि या बाईला तिथेच राहू द्यायचं?"

"दुसरं कोण जाणार आहे तिथे राहायला?"

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सही केली.

चार वाजून दहा मिनिटांची घट ध्यानात घेऊ नकोस, एवढं बोर्डाला सांगणं ताहरला सोपं होतं. त्याने ते सांगितलं नाही. रोज त्या वेळेला गाबेसमध्ये त्याच्या टेबलावर इशारा वाजायचा आणि तो फोन फिरवायचा.

"पाणी कमी झालंय, मावशी."

"हो का? बघते हं," ती गंभीरपणे म्हणायची. मग वाऱ्याचं, गुडघ्यांचं, शेजारच्या मळ्यातल्या उनाड बकरीचं काही सांगायची. मग ती नळ बंद करायला उठायची आणि दोघंही फोन ठेवायचे. बोलणं त्या दहा मिनिटांतच बसायचं. घरी आल्यावर ताहरच्या लक्षात यायचं की, ऑफिसचं काम सोडलं तर दिवसभरात तेवढंच बोलणं झालं होतं.

असे सात आठवडे गेले. मग एका मंगळवारी इशारा वाजला नाही.

चार दहा झाले, चार वीस झाले. रेघ सरळ होती, ठोके नेमाने पडत होते. एवढा निर्दोष दिवस त्या विहिरीने त्याला कधी दाखवला नव्हता. फोन करायला काहीच कारण नव्हतं. त्याने खुर्चीवरचा कोट उचलला, पुन्हा ठेवला. केबिली गाठायला दोन तास लागले असते. साडेचारला त्याने फोन फिरवला. तो वाजत राहिला. आठ वेळा वाजला.

"हॅलो."

"मावशी, मी ताहर. आज नळ सोडला नाहीत?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे की." तिच्या मागे पंपाची घरघर ऐकू येत होती. "म्हटलं, पाणी न सोडता फोन येतो का बघावं."

ताहरने पडद्यावरची सरळ रेघ बघितली आणि लॅपटॉप मिटला. बोलायला आज पाणी नव्हतं.

"जेवायला काय केलं होतंत?" शेवटी त्याने विचारलं.

"थांब," मब्रूका म्हणाली, "दार लावून येते. पंपाचा फार आवाज येतो."