बारकीचे बुधवार

पहिल्या बुधवारी बारकी वाचनालयातल्या खुर्चीवर चढून बसली, तिनं सोबतीणबाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन मिनिटांत ती गाढ झोपली.

सोबतीण ही बाईंची नोकरी होती. ज्या मुलांचं पुढे काही खरं नाही असं मोठी माणसं हलक्या आवाजात म्हणतात, अशी आठ मुलं संस्थेनं त्यांच्या हवाली केली होती. पहिलीपासून शाळा संपेपर्यंत, सलग बारा वर्षं. मूल घर बदलो, शाळा बदलो, नाहीतर तोंड फिरवो, बाईंनी बदलायचं नाही, एवढीच अट. बारकी त्यातली सगळ्यात लहान. अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर, आणि डोळ्यांखाली सहा वर्षांच्या पोरीला न शोभणारी काळी वर्तुळं.

दुसऱ्या बुधवारीही ती झोपली. तिसऱ्याही. बाईंनी रंग आणले, कोडी आणली, ती सगळी पिशवीतच राहिली. उंच खिडकीतून ऊन यायचं आणि फरशीवरून सावकाश कपाटांकडे सरकायचं. खालच्या मजल्यावर कुणीतरी पान उलटायचं, तेवढाच आवाज. बाईंनाही हळूहळू वाटायला लागायचं, की ही खोली म्हणजे एक होडी आहे, दोर सुटलेली, आणि दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे काठ मागे चाललेत. कुठे जायची घाई नाही.

महिन्याच्या अहवालात काय लिहायचं हा प्रश्नच होता. संस्थेच्या प्रमुखांनी विचारलं तेव्हा बाईंनी खरं ते सांगितलं. झोपली. मग पुढच्या आठवड्यात? पुन्हा झोपली. प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरी झोपत नसेल."

ते खरं निघालं. कुलुपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर बारकीच्या घरच्यांची एक खोली होती. आई लाँड्रीत रात्रपाळीला जायची आणि मागे सावत्र बापाचे दोस्त जमायचे. पोर पहाटेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसायची. बाईंनी प्रमुखांना कळवलं, संस्थेची माणसं आईला भेटली, आणि बऱ्याच खेट्यांनंतर मायलेकींना दुसरीकडे खोली मिळाली. बुधवारची झोप मात्र वर्षभर चालली.

पुढे ती जागी राहू लागली आणि मग तिच्या तोंडाला खळ उरला नाही. ती स्वप्नं सांगायची.

"मी माशांना पोहायला शिकवत होते."

"त्यांना येतं की गं."

"हे नवीन होते," बारकी म्हणाली.

वर्षं अशीच वाहत गेली. कधी कधी बाईंना डोळे मिटल्यावर सहा, आठ आणि दहा वर्षांच्या तीन बारक्या एकाच बाकावर पाय हलवत बसलेल्या दिसायच्या, आणि त्यांतली आजची कोणती ते क्षणभर कळायचं नाही.

बारकी बारा वर्षांची झाली आणि बुधवारी यायची बंद झाली. तीन बुधवार बाई तिच्या शाळेच्या पायऱ्यांवर तासभर बसून परत गेल्या. चौथ्या बुधवारी बारकी आली, पण दोन पायऱ्या वरच उभी राहिली. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"तू पगार मिळतो म्हणून येतेस," ती बाईंना म्हणाली.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"हो, पगार मिळतो," त्या म्हणाल्या. "नाहीतर या वेळी मी दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात बसले असते. तुझ्याकडे यायला सवड कुठून काढली असती?"

बारकी बराच वेळ बुटाच्या टोकानं पायरी खरवडत राहिली. मग एक पायरी खाली आली. त्या दिवशी दोघी नदीकाठानं बऱ्याच लांबपर्यंत चालल्या.

चौदाव्या वर्षी तिला फळ्यावरचं दिसेना, म्हणून बाई तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेल्या. नवा चष्मा लावून ती दाराबाहेर आली आणि समोरच्या झाडाखाली खिळून उभी राहिली. पानं वेगवेगळी असतात, असं ती पुटपुटली. इतकी वर्षं तिला झाड म्हणजे हिरवा धूर वाटत आला होता. ती परत आत गेली आणि काच कशी घासतात ते बघत दुकान बंद होईपर्यंत हलली नाही. त्यानंतर सुट्टी लागली की ती तिथेच सापडायची.

शाळा संपली तेव्हा बारकी बाईंपेक्षा वीतभर उंच झाली होती. नाव तेवढं बारकीच राहिलं. चष्म्याच्या काचा घडवायला शिकवणाऱ्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. आई कामावर होती, म्हणून बाई बरोबर गेल्या. कारकुनानं अर्जावरून मान वर केली आणि बरोबर आलेल्या कोण, असं विचारलं. बाई समजावून सांगायला लागणार, तेवढ्यात बारकी बोलली.

"घरच्या आहेत."

कारकुनानं तसं लिहिलं. बाई भिंतीवरची सूचना वाचू लागल्या. अक्षरं पाण्याखाली असावीत तशी हलत होती.

बारकी आत गेली, मागे वळून न बघता. बाई बाहेरच्या बसथांब्यावर येऊन बसल्या. दोन बस आल्या आणि गेल्या. कार्यशाळेच्या खिडकीतून दिसत होतं, कुणीतरी बारकीला एप्रन दिला, तो तिच्या गुडघ्यांपर्यंतही पोचत नव्हता. शेजारची मुलगी काहीतरी बोलली. बारकी हसली आणि चष्मा सावरून यंत्रावर वाकली.

तिसरी बस आली तेव्हा बाई उठल्या.